उन्नतीच्या हातावरचे दात

आचोळे,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

हे पत्र आणि भुरी, दोन्ही तुमच्याकडच्या आलोशियसच्या टेम्पोतून पाठवते आहे. तो सकाळी भाजी उतरवून रिकामा परततो, त्याला सांगून ठेवलंय की आधी पत्र हातात द्यायचं, मग कुत्री. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानेच ठरवता. शिवाय मला ओरडावं लागतं, आणि या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे पुठ्ठे आहेत.

भुरी उन्नतीला चावली. डाव्या मनगटाच्या जरा वर. बुधवारी ऑफिसातून आले तर पोरगी उकाड्यात लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून बसलेली. हातपाय धुवायला नेलं तेव्हा दिसलं. काय झालं म्हणून विचारलं तर गप्प. थोरली पूर्वी म्हणाली, "खेळताना भुरी चावली, आई." उन्नतीने मान हलवली. तशीच माणिकपूरला डॉक्टरकडे नेली. जखमेवर खपली आली होती, म्हणजे दोन दिवस दोघींनी लपवलं. "घरचा कुत्रा का?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. इंजेक्शनं सुरू झाली.

दुपारी दोनला परेश सेकंड शिफ्टला निघतो, मी साडेसातला येते. मधल्या वेळात दोन मुली आणि ही कुत्री. आतापर्यंत मी म्हणायचे, भुरी आहे म्हणून मला काळजी नाही. आता ऑफिसात बसून एकच डोक्यात येतं, तोंडाला चावली असती तर?

तसं तिचं महिनाभर काहीतरी बिघडलेलंच होतं. शेजारच्या प्रिस्का आंटींनी दोनदा जिन्यात थांबवून सांगितलं, "रुचिता, तुझी भुरी रोज चारच्या सुमाराला भुंकते. जरा बघ." सोसायटीत आधीच कुत्र्यावरून कुरबुर आहे. मी मुलींना बजावलं होतं, काही झालं तरी बाहेर आवाज जाता कामा नये.

तिला बांधून ठेवा, बाबा. लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

तुमची,
रुचिता


वसई,
रविवार, १४ सप्टेंबर

चि. रुचिता,

भुरी पोचली. टेम्पोतून उडी मारली ती थेट केळीत घुसली आणि चिखलाने माखून आली. तू लिहिलंस म्हणून शुक्रवारी बांधली. शनिवारी सोडली. रागावू नकोस.

सोडली त्याचं कारण सांगतो. आलोशियसची तीन वर्षांची नात वाडीत आली होती. भुरी बांधलेलीच. मी वळून बघेपर्यंत त्या पोरीने तिच्या कानात बोट घातलं, मग शेपटीला लोंबकळली. भुरीने काय केलं, तर साखळी पुरेल तेवढी लांब जाऊन बसली. एवढंच. मी बराच वेळ बघत होतो.

मला एक सांग. उन्नतीच्या हातावर भोकं होती की वळ होता? कुत्रं चावलं की सुळे रुततात. माझ्या पोटरीवरची खूण तुला माहीत आहे, लहानपणी तू त्यावर बोट ठेवून मोजायचीस. आणि चावताना प्रत्यक्ष कोणी बघितलं? डॉक्टरला तू सांगितलंस, तुला पूर्वीने सांगितलं. पूर्वीने डोळ्यांनी बघितलं का, एवढं विचार.

मी कुत्रीची वकिली करत नाही. लेकरू आधी. पण मला हे पटत नाही.

सोबत अळू आणि केळफूल पाठवतो. केळफूल साफ करताना हाताला तेल लाव, दर वेळी विसरतेस.

बाबा


आचोळे,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

ती. बाबा,

भोकं नव्हती. बांगडीचा तुकडा ठेवावा तसा अर्धा गोल होता. पण म्हणून काय झालं? खेळताना हलकेच धरलं असेल. डॉक्टरांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं का?

आणि पूर्वीला काय विचारू? बारा वर्षांची पोर, पण अख्खं घर तिच्यावर आहे. शाळेतून आली की उन्नतीला जेवायला वाढते, अभ्यासाला बसवते, संध्याकाळी कुकर लावते. तिच्याबद्दल आजवर मला एक शब्द बोलावा लागला नाही. उन्नतीचीच काळजी आहे. दुसरीत गेली तरी जोडाक्षरं वाचता येत नाहीत, बाईंनी वहीत लाल शेरा दिला. पूर्वीला सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत रोजचा धडा झालाच पाहिजे. तीही बिचारी मान हलवते आणि करून घेते.

भुरी गेल्यापासून घर शांत आहे. चारला भुंकणं नाही, सोसायटीची चिठ्ठी नाही. फक्त उन्नती जेवत नाही. भुरीचं ताट पुसून तिने आपल्या कपाटात ठेवलंय. होईल सवय.

तुमची,
रुचिता


वसई,
रविवार, २१ सप्टेंबर

चि. रुचिता,

दोन गोष्टी लिहितो. तुला राग येईल, तरी लिहितो.

काल भुरीच्या पायात काटा गेला म्हणून पंजा हातात घेतला. पुढच्या दोन्ही पायांची नखं मुळापर्यंत झिजली आहेत, एक तर तुटून रक्त सुकलेलं. मागची नखं धड आहेत. मातीत उकरून अशी नखं जात नाहीत. काहीतरी कठीण, रोज, पुढच्या पायांनी खरवडल्याशिवाय असं होत नाही.

दुसरी गोष्ट. पाण्याच्या मोटारीच्या खोपीत मी बटण दाबायला गेलो आणि वाऱ्याने दार लागलं. बाहेर भुरी होती. मला आता फारसं ऐकू येत नाही, पण दार हादरत होतं ते कळलं. उघडलं तर ती दाराला चिकटून उभी, तोंडाला फेस. मला हुंगलं, हात चाटले, मग शांत. पुन्हा मुद्दाम दार लावून बघितलं. पुन्हा तेच.

तुझ्या घरातलं कुठलं दार खालून खरवडलेलं आहे का, बघ. बाहेरच्या बाजूने.

बाबा


आचोळे,
गुरुवार, २५ सप्टेंबर

ती. बाबा,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

काल उन्नतीच्या हातावर दुसरी खूण दिसली. त्याच हाताला, पहिलीच्या थोडी खाली. ताजी, लालभडक. या वेळी बारीक दातांचे ठसे मोजता येत होते. भुरी तर तुमच्याकडे आहे! म्हणजे माणसाचे दात, बाबा. लहान मुलाचे.

मी दोघींना समोर बसवलं. उन्नती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. पूर्वीला म्हटलं, "तू असतेस ना घरात? कोण येतं दुपारी?" ती म्हणाली, "टोनी येतो कधी कधी."

टोनी म्हणजे प्रिस्का आंटींचा नातू, आठ वर्षांचा, एक नंबरचा उपद्व्यापी. मी तशीच त्यांच्या दारात गेले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुमच्या नातवाला आवरा, नाहीतर मी पोलिसांत जाईन," इथपर्यंत बोलले. आंटींनी चष्मा काढला. म्हणाल्या, "टोनी गणपतीपासून त्याच्या आईकडे मिरारोडला आहे." आणि दार लावून घेतलं. मला ते खरं वाटत नाही. नातवाला पाठीशी घालणारच.

तुम्ही दाराचं लिहिलं होतं, म्हणून बघितलं. बाथरूमचं दार. बाहेरून, खालची वीतभर जागा पांढरी पडेपर्यंत खरवडलेली आहे. तिथेच पायपुसणं असतं, रोज पाय पुसते, महिनाभर माझं लक्ष गेलं नाही.

आत कोण असायचं, बाबा? कोणाला भिऊन माझी मुलगी आत बसायची?

रुचिता


वसई,
शनिवार, २७ सप्टेंबर

चि. रुचिता,

हे पत्र एकटी असताना वाच आणि फाडून टाक.

तुला पत्र लिहायला बसलो की मी आधी समास आखतो, तुला माहीत आहे. काल लाकडी पट्टी हातात घेतली आणि भुरी खाटेखाली शिरली. तिथेच मुतली. ही कुत्री कोयत्याला भीत नाही, काठीला भीत नाही, परवा फटाक्यालाही भ्यायली नाही. पण टीचभर पट्टीला बघून लटपटते. मी पट्टी ठेवली, तरी अर्धा तास बाहेर आली नाही.

तुझ्या घरात तिला कोणीतरी पट्टीने मारलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

परेशराव कारखान्यात टूलरूममध्ये आहेत. त्यांच्या खिशाला स्टीलची पट्टी लावलेली असते, मी लग्नापासून बघतो. एक ते दोन मुली त्यांच्याच ताब्यात असतात. माझ्या तोंडून हे यावं असं मला वाटत नव्हतं. तू नसताना त्या घरात काय होतं, हे तू कधी बघितलं आहेस का? तू सुखी आहेस असं तू सांगतेस. मी विचारत नव्हतो. आता विचारतो.

बाबा


आचोळे,
सोमवार, २९ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही हे लिहायला नको होतं.

परेशने आजपर्यंत मुलींवर हात उगारलेला नाही. उन्नतीची वेणी तो घालतो. भुरी आजारी होती तेव्हा रजा टाकून तिच्याजवळ बसला. आणि तुम्ही खिशातल्या पट्टीवरून त्याला गुन्हेगार ठरवलंत.

पण तुमचं पत्र वाचल्यावर मी काय केलं, तेही ऐका. तो आंघोळीला गेला तेव्हा ती पट्टी काढून बघितली. काय शोधत होते, मला माहीत नाही. केस? रक्त? तो टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. "काय बघतेस?" म्हणाला. मला खोटं सुचलं नाही. मी विचारलं, "तू मुलींना मारतोस का?" त्याने पट्टी माझ्या हातातून घेतली. डबा न घेता कामावर गेला. कालपासून माझ्याशी कामापुरतं बोलतो.

प्रिस्का आंटी जिन्यात भेटल्या तर मान फिरवतात. सोसायटीत मी पोलिसांचं नाव काढलं हे सगळीकडे झालंय. संध्याकाळी घरात आले की मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत असते. कोण काय लपवतंय. एकट्या पूर्वीचा तेवढा आधार आहे, न सांगता सगळं करते.

दसऱ्याला आम्ही येत नाही. काही दिवस पत्र पाठवू नका.

रुचिता


वसई,
बुधवार, ८ ऑक्टोबर

चि. रुचिता,

पाठवू नका म्हणालीस, तरी पाठवतो. मी एक चोरी केली आहे.

काल सकाळी आलोशियसच्या टेम्पोत बसून आचोळ्याला आलो होतो. तू ऑफिसात, मुली शाळेत, परेशराव झोपलेले असणार. तुझ्या दारासमोरून पुढे गेलो आणि प्रिस्काबाईंची बेल वाजवली. त्यांनी मला ओळखलं. कानाचं सांगितलं आणि माझी वही त्यांच्यापुढे केली. बाईंनी चहा दिला, मग वहीत दोन पानं लिहून दिली. रागात असूनही लिहून दिली, हे विसरू नकोस.

त्यांनी लिहिलं ते तसंच उतरवतो. "रोज चारच्या सुमाराला भुरी भुंकायची. नुसती भुंकायची नाही, कोणाला तरी हाक मारल्यासारखी. मी जाऊन दार वाजवायची. पूर्वी फटीतून तोंड काढून म्हणायची, काही नाही आंटी. मग भुरी एकदम केकाटून गप्प व्हायची. कुत्री गेल्यावर भुंकणं थांबलं, पण चारला नळ सोडल्याचा आवाज येतो, धो धो, अर्धा अर्धा तास. मी रुचिताला दोनदा म्हटलं, जरा बघ. तिला वाटलं मी तक्रार करते."

खाली त्यांनी लिहिलंय, टोनी खरंच मिरारोडला आहे, शाळेचा दाखला हवा तर दाखवीन.

आणि चारला परेशराव घरी नसतात, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्यांची मी माफी मागेन. तोंडाने मागेन, पत्राने नाही.

बाय, तू एक दिवस न सांगता चारच्या आधी घरी जा.

बाबा


आचोळे,
सोमवार, १३ ऑक्टोबर

ती. बाबा,

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. पावणेचारला जिना चढले. चप्पल खालीच काढून हातात घेतली होती. आपल्याच घरी चोरासारखी.

दाराला कान लावला. नळाचा आवाज येत होता. आणि त्यावरून माझा आवाज. खरंच सांगते, बाबा, क्षणभर मला वाटलं की आत मीच बोलते आहे. "धडा झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. बाहेर आवाज गेला तर बघ. मी काय रोज हेच करत बसू का?" शब्द माझे, सूर माझा, शेवटचा सुस्कारासुद्धा माझा.

किल्लीने दार उघडलं. पूर्वी बाथरूमच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मांडीवर उन्नतीचं पुस्तक, हातात लाकडी पट्टी. दाराला बाहेरून कडी. ती धड्यातली एकेक ओळ वाचत होती आणि रडत होती. आतून उन्नतीने ओळ म्हणायची, मग पुढची ओळ. मला बघून म्हणाली, "आई, तू आत्ता कशी?" आणि उठून तिनेच कडी काढली.

उन्नती पालथ्या बादलीवर बसली होती. मनगट दातांत. डोळ्यांतून पाणी, पण आवाज अजिबात नाही. रडू बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती हात चावत होती, बाबा. बाहेर आवाज जाता कामा नये, असं आईने सांगितलं होतं ना. पाच इंजेक्शनं मी तिला टोचून घेतली, आणि तिने एकदाही सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ताईला मार बसेल.

भुरी दार खरवडायची ते तिला बाहेर काढायला. भुंकायला लागली की पूर्वी पट्टीने मारायची, आंटी यायच्या आत.

मी पूर्वीवर हात उगारला. तिने डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं. मागे सरली असती तर मी मारलं असतं. ती पुढे आली, म्हणून माझा हात खाली आला.

आता जे लिहिते ते तुम्हाला कधीच सांगणार नव्हते. तीन वर्षांपूर्वी पूर्वीचे पाढे होत नव्हते, मी ऑफिसातून वैतागून आले होते, आणि तिला याच बाथरूममध्ये घालून बाहेरून कडी लावली होती. दहाच मिनिटं. एकदाच. मी विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती. तिला वाटलं, अभ्यास असाच करून घेतात.

परेशला सगळं सांगितलं. तो उठून बाथरूमच्या दारापाशी गेला. मग स्क्रूड्रायव्हर आणून बाहेरची कडी काढून टाकली. म्हणाला, "तुला मी मारतो असं वाटलं, ते मला विसरायला वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे.

प्रिस्का आंटींकडे गेले. पाया पडायला वाकले तर त्यांनी धरलं. म्हणाल्या, "मी तुला बघ म्हणाले होते. गप्प कर म्हणाले नव्हते." आत घेतलं नाही. पण दारही लावलं नाही.

पूर्वी तेव्हापासून बोलत नाही. सांगितलेलं काम करते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. मला तिची भीती वाटते, बाबा. मला तिच्याजवळ जाता येत नाही.

रुचिता


वसई,
बुधवार, १५ ऑक्टोबर

चि. रुचिता,

पत्र दोनदा वाचलं. मग वाडीत जाऊन उगाच पानवेलींना पाणी घालत बसलो, काल घातलेलं असूनही.

उन्नतीला पाठवू नकोस. तिला तू हवी आहेस. दिवाळीची रजा काढ आणि तिला वाचायला घेऊन बस, नाही आलं तर राहू दे. पूर्वीला माझ्याकडे पाठव. शिक्षा म्हणून नाही, हे तिला नीट सांग. आजोबांना एकट्याला फराळ जात नाही, असं सांग. ते खरंही आहे.

इथे तिला कोणी काही विचारणार नाही. मी विचारलं तरी मला उत्तर ऐकू येणार नाही.

भुरी इथेच आहे, हेही तिला आधी सांग. फसवून आणू नकोस.

परेशरावांना मी रविवारी भेटायला येतो.

बाबा


वसई,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आई,

आजोबा म्हणाले तुला पत्र लिही. मी म्हटलं कॉल करते ना. ते म्हणाले कॉलवर तू नुसतं हो-नाही बोलतेस.

मी ठीक आहे. इथे सकाळी पानं खुडायला जातो. आजोबांना ओरडून सांगावं लागतं म्हणून माझा घसा बसलाय. मला पहिले दोन दिवस ओरडायला जमतच नव्हतं. आवाज निघायचाच नाही. मग आजोबा म्हणाले, इथे जेवढं ओरडायचं तेवढं ओरड, केळींना त्रास होत नाही.

मी आले तेव्हा भुरी मला बघून खाटेखाली गेली. आजोबांनी तिला हाक नाही मारली. मला पण जा म्हणाले नाहीत. अजून ती माझ्या हातून काही खात नाही. मी ठेवून लांब गेले की खाते. मी तिला सॉरी म्हटलं, पण तिला ते कसं कळणार.

मला एक विचारायचं होतं. तू भुरीवर संशय घेतलास. मग टोनीवर, आंटीवर. पप्पांवर पण घेतलास, मला माहितीये, मी ऐकलं. माझ्यावर का नाही घेतलास? मी रोज वाट बघायची. तू बेल वाजवलीस की मला वाटायचं आज आई विचारेल. टोनीचं नाव मी घेतलं तेव्हा मला वाटलं तू लगेच ओळखशील, कारण तो इथे नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहिती होतं. तू ओळखलंच नाहीस. म्हणालीस, पूर्वी आहे म्हणून बरं आहे. मग मी कसं सांगणार?

मला ते करायचं नव्हतं. पण तिला येत नव्हतं आणि सात वाजत यायचे.

उन्नती माझ्याबद्दल काय बोलते? खरं सांग. चांगलं चांगलं नको लिहू.

पूर्वी


आचोळे,
शनिवार, २५ ऑक्टोबर

पूर्वी,

चांगलं चांगलं लिहीत नाही.

उन्नती अजून बाथरूमला जाताना मला दारात उभं करते. दार उघडं ठेवते. पहिले काही दिवस तुझं नाव काढलं की गप्प बसायची. काल ओट्याजवळ बसून तिने आपण होऊन विचारलं, "ताई कधी येणार?" मी म्हटलं, तुला कधी यायला हवी? ती म्हणाली, "भुरीला घेऊन आली तर लवकर. पण अभ्यास ताईने नाही घ्यायचा. तूच घ्यायचा." हे तिचे शब्द आहेत, मी काही घातलेलं नाही.

तुझा तिचा अभ्यास संपला. कुकरही संपला. एक तारखेपासून मी चारला घरी असेन. ऑफिसात पहाटेची वेळ मागून घेतली आहे, सकाळचं तुमचं पप्पा बघतील. आंटींनी म्हटलंय की दोन ते चार दार उघडं ठेवून बसेन. माझ्याशी अजून त्या फार बोलत नाहीत. तुझी मात्र विचारपूस केली.

आता तू विचारलंस त्याचं. मी तुझं पत्र आल्यापासून नाही, त्या शुक्रवारपासून हेच स्वतःला विचारते आहे. भुरीवर संशय घेतला आणि तिला टेम्पोत बसवून दिलं. आंटींवर घेतला आणि चार शब्द सुनावून आले. पप्पांवर घेतला आणि त्यांची पट्टी तपासून मोकळी झाले. तुझ्यावर घेतला असता तर मला घरी थांबावं लागलं असतं. एवढंच होतं. तू सगळं करत होतीस आणि मला ते हवं होतं, म्हणून मी तुझ्याकडे बघितलं नाही. यात तुझी काही चूक नाही. उन्नतीला कोंडलंस ती तुझी चूक, भुरीला मारलंस ती तुझी चूक. पण मी बघितलं नाही, ते माझं.

उद्या सकाळच्या बसने मी आणि उन्नती येतोय. तुला न्यायला नाही, राहायला. ती तुझ्याजवळ येईल की लांब बसेल, मला माहीत नाही. तू घाई करू नकोस.

आणि मला बघितल्यावर चहा ठेवायला धावू नकोस. बसून राहा. मी तुला विचारणार आहे, सगळं, पहिल्या दिवसापासून. तू सांग. हळू नाही सांगितलंस तरी चालेल.

आई